बॅटरीचं तापमान सांगणारा सेन्सर आणि त्याच्या पेटंटची परीक्षा

इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायला गेलात की विक्रेता कधी ना कधी म्हणतोच, “साहेब, बॅटरी पेटंटेड आहे.” म्हणण्याचा थाट असा, की सरकारने पॅक उघडून, आत बघून, शिक्का मारून परत दिला असावा. इंजिनिअरिंग कॉलेजच्या फाटकावरचे फ्लेक्सही याच सुरात असतात: ‘आमच्या प्राध्यापकांचे पेटंट प्रकाशित, हार्दिक अभिनंदन’. दोन्हीकडे ऐकणाऱ्याचा समज होतो की वस्तू तपासली गेली आणि पास झाली.

पेटंट कार्यालयात बॅटरी कुणी उघडत नाही, चार्ज करत नाही, तापवूनही बघत नाही. तिथे अर्जदाराने लिहिलेलं एक लांबलचक वाक्य तपासलं जातं. त्या वाक्यात जे बसतं तेवढ्यावर मालकी मिळते, बाकीचं सगळं जगाला मोकळं. ही तपासणी कशी चालते ते पाहायला बॅटरी पॅकमधला एक अगदी छोटा भाग घेऊ: तापमानाचा सेन्सर आणि त्याला धरून ठेवणारी सर्किटची जोडणी. या विषयावर जगभरातून पेटंट अर्ज ढिगाने येतात आणि बाहेरच्या माणसाला ते सगळे एकसारखे दिसतात. परीक्षकाचं काम त्यातला फरक शोधण्याचं.

एवढ्याशा सेन्सरची एवढी चर्चा का?

मार्च 2022 आठवून बघा. पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ घरोघरी पोचला. त्याच सुमाराला तमिळनाडूत वेल्लोरला घरी चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या आगीत बाप-लेकीचा जीव गेला. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. दुचाकी-तीनचाकींसाठीच्या एआयएस-156 या मानकात दुरुस्त्या झाल्या आणि त्या 1 डिसेंबर 2022 आणि 31 मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. सेलच्या तापमानावर सतत लक्ष हवं आणि आगीची चाहूल लागताच चालकाला दिवा-आवाजाने इशारा मिळायला हवा, असं त्यात आलं.

लिथियम-आयन सेलला थंडीही सोसत नाही आणि उष्णताही. शून्य अंशाखाली चार्ज केला तर आत धातुरूप लिथियमचा थर साचू लागतो. उलट बाजूला, 130 अंशांच्या आसपास सेलमधला पॉलिथिलिनचा पडदा वितळतो आणि दोन्ही ध्रुव आतल्या आत एकमेकांना भिडतात. तिथून पुढे एका सेलची उष्णता शेजारच्याला पेटवते आणि साखळी सुरू होते. तो टप्पा येण्याच्या बऱ्याच आधी पॅकमधल्या नियंत्रक सर्किटला, म्हणजे बीएमएसला, खबर लागायला हवी. बीएमएसला स्वतःचे डोळे नसतात. सेन्सर सांगेल तेच त्याला खरं.

पॅकच्या आत काय असतं

झाकण उघडलं की ओळीने मांडलेले सेल दिसतात. त्यांची टोकं ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्यांनी जोडलेली असतात, हे बसबार. मुख्य करंट त्यातून वाहतो. बसबारांच्या शेजारून एक पातळ, वाकणारी, बहुधा पिवळसर-तपकिरी पट्टी जाते. प्लॅस्टिकच्या दोन थरांमध्ये तांब्याच्या बारीक रेषा असलेलं हे फ्लेक्स सर्किट. पूर्वी इथे तारांचा गुंता असायचा, आता एका पट्टीत काम भागतं.

पट्टीचं काम दुहेरी असतं. प्रत्येक सेलचं व्होल्टेज बीएमएसपर्यंत न्यायचं, आणि ठरावीक ठिकाणचं तापमानही. व्होल्टेज घ्यायचं तर पट्टी बसबारला कुठेतरी जोडायलाच हवी. पट्टीत तांबं, बसबार ॲल्युमिनियमचा, आणि या दोघांचं वेल्डिंगमध्ये धड जमत नाही. म्हणून मध्ये निकेलचा छोटा टॅब घालतात. त्याचं एक टोक पट्टीला सोल्डर करतात आणि दुसरं टोक लेझरने बसबारला वेल्ड करतात. गाडी खड्ड्यातून आदळली, सेल फुगून किंचित सरकले, की सगळा ताण नखाएवढ्या या टॅबवर येतो. वेल्डला तडा गेला तर त्या सेलची खबर बंद.

तापमानासाठी लागतो थर्मिस्टर. तापमान वाढलं की याचा विद्युतरोध घटतो. 25 अंशांना 10 हजार ओहम असणारा नेहमीच्या वापरातला थर्मिस्टर 60 अंशांना 3 हजार ओहमच्या आसपास येतो. बीएमएस हा रोध मोजून तापमान काढतं.

थर्मिस्टर स्वस्त आहे, जुना आहे, कुणालाही बाजारात मिळतो. खरी डोकेदुखी आहे तो कुठे बसवायचा आणि तिथे कसा टिकवायचा, ही. पोराचा ताप बघायला कुणी गोधडीवर थर्मामीटर ठेवत नाही, काखेतच घालतो, आणि तिथूनही तो निसटू नये म्हणून हात दाबून धरतो. सेन्सरचं तसंच. तो बसबारवर बसवला तर बसबार स्वतःच करंटने तापलेला असतो, त्यामुळे आकडा सेलचा की बसबारचा हे कळत नाही. सेलच्या पृष्ठभागावर टेकवला तर आकडा जास्त खरा येतो, पण सेल आणि सेन्सर यांच्यात केसाएवढी फट पडली तरी तो हवेचं तापमान सांगू लागतो. बहुतेक अर्ज या फटीवरच्या उपायांचे असतात. कुणी उष्णतावाहक गोंद वापरतं, कुणी स्प्रिंग, तर कुणी स्पंजसारखा सिलिकॉन फोम.

ते एक वाक्य

पेटंट अर्जाचे ढोबळ दोन भाग: वर्णन आणि दावे. वर्णनात आकृत्यांसह सगळं सविस्तर सांगायचं. दाव्यांत, ओळीने क्रमांक घालून, कशावर हक्क मागताय ते लिहायचं. प्रत्येक दावा एकाच वाक्याचा असतो.

समजा, भोसरीतल्या एका छोट्या कारखान्याने अर्ज केला. कारखाना आणि अर्ज दोन्ही काल्पनिक, फक्त समजावून घेण्यासाठी. त्यांचा पहिला दावा असा:

*‘असं बॅटरी मॉड्यूल, ज्यात अनेक सेल, त्या सेलना जोडणारे बसबार, बसबारांलगत जाणारं एक फ्लेक्स सर्किट, त्या सर्किटला सोल्डर केलेला व बसबारला वेल्ड केलेला निकेलचा टॅब, आणि त्या सर्किटवर बसवलेला थर्मिस्टर आहे.’*

हक्क मोठा मिळावा म्हणून अर्जदार पहिल्या दाव्यात मुद्दाम कमी बोलतो. दाव्यात शब्द वाढले की अटी वाढतात, आणि अटी वाढल्या की हक्क आकसतो. ‘थर्मिस्टर’ लिहिलं तर थर्मोकपल, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा तापमान-सेन्सर, वापरणारा सुटला. ‘निकेलचा टॅब’ लिहिलं तर दुसऱ्या धातूचा टॅब लावणारा, निदान शब्दशः, सुटला. म्हणून वकील ‘धातूचा जोड-अवयव’ असली गोलमाल भाषा वापरतात. पेटंटची भाषा वाचवत नाही याची सगळ्यांची तक्रार असते. त्यातली अर्धी दुर्बोधता अशी हिशेबाने आणलेली असते, आणि उरलेली अर्धी निव्वळ सवयीची, असं माझं मत.

परीक्षक बसल्या जागी काय करतो?

परीक्षक आधी अर्जाचा विषय एका आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कुठे बसतो ते पाहतो. बॅटरीची स्थिती मोजण्याच्या व्यवस्थेला एच01एम 10/48 हा कप्पा आहे, सेलच्या विद्युत-जोडण्यांसाठी एच01एम 50/50 आणि त्याखालचे उपकप्पे, थर्मिस्टरने तापमान मोजण्यासाठी जी01के 7/22. भोसरीचा अर्ज तिन्हींत पाय ठेवून आहे. मग परीक्षक त्या कप्प्यांत अर्जाच्या तारखेआधी जगात कुठेही, कुठल्याही भाषेत छापलं गेलेलं साहित्य धुंडाळतो. याला ‘आधीचं ज्ञान’ म्हणू. बॅटरीच्या बाबतीत यातला मोठा हिस्सा चीन, कोरिया आणि जपानचा. परीक्षक यंत्राने केलेल्या भाषांतरावरून वाचतो, आणि भाषांतर अडखळलं तर आकृत्यांवर भिस्त ठेवतो. भोसरीतल्या माणसाने ते कागद जन्मात पाहिलेले नसतील, त्याने प्रामाणिकपणे स्वतःच्या डोक्याने वस्तू घडवली असेल, तरी फरक पडत नाही. आधी कुठेतरी छापलं असेल तर नावीन्य संपलं.

इथे एक मोठा खड्डा आहे आणि त्यात आपली माणसं नेहमी पडतात. आधीचं ज्ञान अर्जदाराचं स्वतःचंही असू शकतं. अर्ज करण्याआधी यूट्यूबवर व्हिडिओ टाकला, प्रदर्शनात स्टॉल लावून पॅक उघडून दाखवला, परिषदेत शोधनिबंध छापला, तर ते सगळं तुमच्याच विरोधात वापरता येतं. सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध यांना कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती फार अरुंद. ‘आधी मार्केटिंग, मग पेटंट’ हा क्रम घातक ठरतो. निदान तात्पुरता अर्ज तरी आधी टाकावा. पूर्ण अर्ज द्यायला मग बारा महिने मिळतात.

‘नवीन तर आहे, मग पेटंट का नाही?’

अर्जदाराचा पहिला प्रश्न हमखास हाच असतो. एकाच कागदात तुमच्या दाव्यातलं सगळं सापडलं नाही, म्हणजे वस्तू नवीन ठरली. पण कायद्याला आणखी एक गोष्ट लागते: त्या क्षेत्रातल्या जाणकार कारागिराला ती सहज सुचणारी नसावी. खरी झुंज इथेच होते.

या प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये एकमताने दिलेला निकाल आपल्या विषयाला इतका जवळचा आहे की जणू बॅटरीसाठीच दिला असावा. केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स असं खटल्याचं नाव, आणि वाद गाडीच्या ॲक्सिलरेटर पेडलचा. उंच-बुटक्या चालकांसाठी मागेपुढे सरकणारी पेडलं आधीच होती. पेडलची स्थिती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सांगणारे सेन्सरही होते. पेटंटधारकाने सेन्सर पेडलच्या न हलणाऱ्या धुरीशी बसवला, इतकंच. सेन्सर हलत्या भागावर असला की त्याची तार घासून खराब होते, ही तक्रार आधीच्या कागदांत होती, आणि सेन्सर स्थिर भागावर ठेवावा हा सल्लाही होता. न्यायालय म्हणालं, अडचण माहीत, उपाय माहीत, जोडणं कुणालाही सुचलं असतं. पेटंट रद्द. साधारण कारागीर हा काही ठोकळा नसतो, त्याला थोडीफार कल्पकता असतेच, असंही त्यात म्हटलं आहे.

आपल्याकडचा पायाभूत निकाल भांड्यांचा आहे. मिर्झापूरचा एक कारखाना पितळेची आणि जर्मन सिल्व्हरची भांडी लेथवर घासून-तासून तयार करायचा. फिरतं भांडं निसटून कामगाराला इजा व्हायची, म्हणून भांडं पकडून ठेवण्याची सुधारित पद्धत त्यांनी काढली आणि 1951 चं पेटंट मिळवलं. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या 1978 च्या निकालात न्यायालयाने ती सुधारणा कारखान्यातली नेहमीची सुधारणा ठरवली. हुशार कारागीर रोजच्या कामात जे करत जाईल, त्यावर मक्तेदारी द्यायची नाही.

पद्धत उपयोगी नव्हती असं न्यायालय म्हणालं नाही, हे लक्षात घ्या. कामगाराचा हात वाचवणारी गोष्ट निरुपयोगी कशी असेल? पण उपयोग ही वेगळी कसोटी आणि कल्पकता ही वेगळी. भोसरीच्या मालकाला हे सांगायला जा, तो चिडेल, आणि त्याच्या जागी आपणही चिडलो असतो.

छत्रीला पंखा

भारतीय पेटंट कायदा 1970 सालचा. त्याच्या कलम 3 मध्ये कशाला शोध म्हणायचंच नाही याची यादी आहे. सर्किटवाल्यांना त्यातलं 3(एफ) सारखं आडवं येतं. आधीपासून माहीत असलेली साधनं नुसती एकत्र मांडली आणि प्रत्येक जण आपापलं जुनंच काम सुट्टं करत राहिला, तर तो शोध नव्हे. पेटंट कार्यालयाच्या स्वतःच्या नियमपुस्तिकेत यासाठी दिलेली उदाहरणं मजेशीर आहेत: पंखा लावलेली छत्री आणि टॉर्च बसवलेली बादली. पंखा फिरतो, छत्री पाऊस अडवते, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आता भोसरीचा पहिला दावा पुन्हा वाचा. टॅब व्होल्टेज नेतो, थर्मिस्टर तापमान सांगतो, दोघं एका पट्टीवर राहतात. परीक्षक लिहिणार: हे पंख्याचं आणि छत्रीचं नातं. यावर उत्तर एकच, या दोघांचा एकमेकांवर काहीतरी परिणाम होतो आणि तो आम्ही हाताळला आहे, असं दाखवणं.

एफईआर आली म्हणजे नापास झालो का?

परीक्षकाचे आक्षेप ज्या पत्रातून येतात त्याला एफईआर म्हणतात, म्हणजे पहिला परीक्षण अहवाल. ती आली की अर्जदाराचं तोंड उतरतं. खरं तर एकही आक्षेप नसलेली एफईआर सहसा येत नाही, आणि आलीच तर आपण पहिल्या दाव्यात फारच कमी हक्क मागितला होता का अशी शंका घ्यावी. उत्तर द्यायला सहा महिने असतात, फी भरून आणखी तीन.

भोसरीच्या एफईआरमध्ये समजा दोन कागद पुढे केले आहेत. त्यांना डी1, डी2 म्हणायची पद्धत आहे. डी1 मध्ये निकेल टॅबवाली फ्लेक्स पट्टी आणि तिच्यावरच बसवलेला थर्मिस्टर. डी2 मध्ये वेगळ्याच पॅकमध्ये झाकणाखाली फोम घालून सेन्सर सेलवर दाबून ठेवलेला. परीक्षकाचं म्हणणं: डी1 मधला सेन्सर नीट टेकत नसेल तर जाणकार माणूस डी2 मधला फोम उचलेल. झालं तुमचं मॉड्यूल.

आता मालक आणि त्याचा पेटंट एजंट वस्तू समोर ठेवून बसतात. मालक सांगतो, “अहो, आम्हीही आधी तेच केलं होतं. फोम दाबला की पूर्ण पट्टी दबायची आणि शेजारच्या टॅबचं वेल्ड उखडायचं. म्हणून आम्ही सेन्सरच्या तीन बाजूंनी पट्टी कापली. आता सेन्सर एका सुट्ट्या जिभेच्या टोकावर आहे. फोम जिभेला दाबतो, जीभ वाकते, टॅबपर्यंत जोर पोचतच नाही.”

एजंटच्या डोळ्यांत चमक येते, कारण नेमकं हेच हवं होतं. डी1 आणि डी2 जोडले तर वेल्डची वाट लागते, हे दोन्हींपैकी एकाही कागदात नाही. तीन बाजूंच्या कापामुळे तापमान मोजणं सुधारतं आणि त्याच वेळी व्होल्टेजची जोडणीही वाचते, म्हणजे भाग एकमेकांवर परिणाम करताहेत आणि 3(एफ) चा आक्षेपही बोथट होतो. पहिल्या दाव्यात मग भर पडते: *‘…ज्यात सदर सर्किटला थर्मिस्टरभोवती तीन बाजूंनी काप देऊन वाकणारी जीभ तयार केलेली असून, झाकण व जीभ यांच्यामधला दाबलेला फोम ती जीभ सेलच्या पृष्ठभागावर टेकवतो, आणि तो दाब टॅबच्या वेल्डपर्यंत पोचत नाही.’* हक्क आकसला, पण तगडा झाला.

पण हे शक्य होईल ते केव्हा? काप, जीभ आणि वेल्डवरचा ताण या तिन्ही गोष्टी पहिल्या दिवशी दिलेल्या वर्णनात असतील तेव्हाच. कलम 59 नुसार दुरुस्ती करताना मूळ अर्जात नसलेला मजकूर घुसवता येत नाही, आणि नवा दावा जुन्या दाव्याच्या कक्षेतच राहावा लागतो. माझ्या मते अर्जदारांचं खरं नुकसान इथे होतं. पैसे वाचवायला वर्णन दोन पानांत उरकतात. ‘सेन्सर योग्य प्रकारे बसवला आहे’ एवढंच लिहितात. कारखान्यात तीन वेळा फसलेला प्रयोग आणि चौथ्यांदा का जमलं, हे सांगायची लाज वाटते किंवा गरज वाटत नाही. एफईआर आल्यावर तोच फसलेला प्रयोग कामाला आला असता, पण तो कागदावर नसतो.

लेखी उत्तराने समाधान झालं नाही तर सुनावणी लागते. ती आता बहुतेक व्हिडिओ कॉन्फरन्सवर होते. परीक्षक अहवाल देतो, निर्णय नियंत्रकाचा, म्हणजे पेटंट कार्यालयातल्या त्याच्या वरच्या अधिकाऱ्याचा. नामंजूर करायचं असेल तर ‘हे सहज सुचण्यासारखं आहे’ एवढं लिहून भागत नाही. आधीच्या कागदांत काय होतं, अर्जात काय आहे, आणि जाणकार माणूस पहिल्यावरून दुसऱ्यावर कसा पोचला असता, हे तिन्ही आदेशात मांडावं लागतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्ये ॲग्रिबोर्ड इंटरनॅशनलच्या प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं. नामंजुरीविरुद्ध अपील उच्च न्यायालयात जातं. त्यासाठीचं वेगळं अपील मंडळ 2021 मध्ये बरखास्त झालं.

सेन्सर कमी करून सॉफ्टवेअरने तापमान ओळखलं तर?

हेही होतं. चार ठिकाणची मोजमापं घेऊन बाकी सेलचं तापमान गणिताने काढणारे अर्ज आता बरेच असतात. त्यांच्या वाटेत 3(के) उभं असतं. गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक-प्रोग्रॅम यांना आपल्याकडे पेटंट नाही. मात्र 2019 मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, की शोधाचा तांत्रिक परिणाम असेल तर त्यात प्रोग्रॅम आहे एवढ्यावरून दार बंद करता येणार नाही. म्हणून नुसतं ‘तापमान काढण्याचं सूत्र’ अडकतं. त्या सूत्राच्या आधारे चार्जिंगचा करंट कमी करणारी पूर्ण व्यवस्था तरू शकते.

बॅटरी न बघता पेटंट देतात, हे बरोबर आहे का?

पटायला जड आहे, पण दोन कामं वेगळी आहेत. बॅटरी सुरक्षित आहे का, हे चाचणी-संस्था बघतात. पुण्याची एआरएआय त्यातली जुनी, 1966 पासूनची. तिथे पॅक खरोखर हादरवला जातो, तापवला जातो. पेटंट कार्यालय एवढंच बघतं, की हे आधी कुणी सांगितलं होतं का, आणि वर्णन वाचून दुसऱ्या जाणकाराला वस्तू बनवता येईल का. वर्णन अपुरं असेल तर तोही नामंजुरीचा आधार ठरतो. पेटंट हा एक व्यवहार आहे: तुम्ही गुपित जगाला सांगायचं, बदल्यात अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं इतरांना रोखायचा हक्क. वस्तू सुमार असली तरी हा व्यवहार होऊ शकतो. पेटंट असलेली बॅटरी एआयएस-156 च्या चाचणीत नापास होऊ शकते, आणि उत्तम बॅटरीत पेटंटलायक काहीच नसू शकतं.

आणि ते ‘प्रकाशित’ झालेलं पेटंट?

प्रकाशित होतो तो अर्ज. कुठलाही सर्वसाधारण अर्ज अठरा महिन्यांनी आपोआप प्रकाशित होतो, आणि जादा फी भरली तर लवकर. त्या वेळी परीक्षकाने तो उघडलेलाही नसतो. परीक्षणासाठी वेगळी मागणी करावी लागते. मार्च 2024 च्या नियमबदलानंतर तिची मुदत 48 महिन्यांवरून 31 महिन्यांवर आली. मुदतीत मागणी केली नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. कॉलेजांच्या फ्लेक्सवरचे किती अर्ज पुढे परीक्षणापर्यंत जातात, हा प्रश्न अभिनंदन करणाऱ्यांनी एकदा विचारायला हरकत नाही. ‘पेटंट पेंडिंग’ म्हणजेसुद्धा अर्ज टाकला आहे, एवढंच.

उत्तर शोधायला ओळख-वशिला लागत नाही. पेटंट कार्यालयाच्या इनपास या मोफत शोधयंत्रावर अर्ज क्रमांक टाकला की अर्जाची अवस्था, एफईआर आणि अर्जदाराचं उत्तर सगळं वाचता येतं. विक्रेता ‘पेटंटेड’ म्हणाला तर क्रमांक मागा. दहात नऊ वेळा त्याच्याकडे नसेल.

छोट्या माणसाला परवडतं का?

सरकारी फी आडवी येत नाही. व्यक्ती, स्टार्टअप, छोटा उद्योग किंवा शैक्षणिक संस्था असेल तर ऑनलाइन अर्जाचे 1,600 रुपये, परीक्षणाच्या मागणीचे 4,000. मोठ्या कंपन्यांना हेच 8,000 आणि 20,000. स्टार्टअप, छोटे उद्योग आणि महिला अर्जदार यांना जादा फी भरून जलद परीक्षणही मागता येतं. खरा खर्च चांगल्या एजंटचा. आणि परदेशात हक्क हवा असेल तर तिथल्या तिथल्या अर्जांचा, कारण भारतीय पेटंट भारताच्या हद्दीपुरतंच. पहिल्या अर्जापासून बारा महिन्यांत तो निर्णय घ्यावा लागतो.

मंजूर झालं. आता माल बिनधास्त बनवायचा?

नाही. आणि हे ऐकून भले भले चक्रावतात. पेटंटने इतरांना रोखता येतं, स्वतःला परवाना मिळत नाही. भोसरीच्या कारखान्याला ‘तीन बाजूंनी कापलेल्या जिभेचं’ पेटंट मिळालं. पण समजा निकेल टॅबवाल्या फ्लेक्स पट्टीचं मूळ पेटंट दुसऱ्या कुणाकडे आहे आणि ते भारतात अजून जिवंत आहे. मग जीभ बनवायला पट्टी लागणार, आणि पट्टीसाठी त्याची परवानगी. त्यालाही जीभ हवी असेल तर यांच्याकडे यावं लागेल. पुष्कळदा अशा जोड्या न्यायालयात न जाता एकमेकांना परवाने देऊन मिटतात, आणि हातात काहीतरी असलेलाच त्या टेबलावर बसू शकतो. म्हणून उत्पादन सुरू करण्याआधी इतरांची जिवंत पेटंट शोधून बघणं, हे स्वतःच्या अर्जाइतकंच मोठं काम.

शिवाय मंजुरीनंतरही दार पूर्ण बंद होत नाही. अर्ज प्रकाशित झाल्यापासून मंजूर होईपर्यंत कुणीही विरोध नोंदवू शकतं. मंजुरी प्रकाशित झाल्यावर ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना एक वर्ष मिळतं. 2023-24 या एका वर्षात आपल्याकडे एक लाखाहून जास्त पेटंट मंजूर झाली. एवढ्या वेगात परीक्षकाच्या नजरेतून एखादा कोरियन कागद निसटणं अगदी शक्य आहे. तो कागद प्रतिस्पर्ध्याला सापडला, तर त्या तीन कापांवरचा वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि या वेळी समोर परीक्षकाऐवजी प्रतिस्पर्ध्याचा वकील असतो.